कंदील कारखान्यातलं पाळणाघर

सांडोरच्या ऑगस्टीन रुमावची मुलगी मुंबईला जाऊन नेमकं काय शिकते, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. मास्तरीण होणार असती तर कळलं असतं. नर्स होणार असती तरी कळलं असतं. मठात जाणार असती तर रविवारच्या मिस्सेनंतर फादरांनीच सगळ्यांना सांगितलं असतं. पण फ्लॉसी बी.ए. झाली, समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत दाखल झाली आणि तिथंही तिनं ‘कामगार कल्याण’ असा विषय घेतला, जो वाडीत कुणी कधी ऐकलेला नव्हता. केळीला पाणी सोडताना ऑगस्टीनला कुणी विचारलंच, तर तो फावड्यावर रेलून म्हणे, “कारखान्यात माणसं असतात ना, ती कशी लावायची, कशी सांभाळायची, त्यांची भांडणं कशी मिटवायची, ते शिकते.”

यावर शेजारचा पास्कल म्हणाला होता, “मग त्यासाठी तिला मुंबईला कशाला धाडली? आम्ही पाच भाऊ एका चुलीवर जेवतो. माझ्याच घरी बसवायची होती की!”

फ्लॉसीच्या कानावर हे आलं तेव्हा ती हसली, पण थोडी रुसलीही. आपण काहीतरी मोठं शिकतो आहोत असं तिला मनापासून वाटत होतं. १९५४ साल होतं. नवे कायदे झाले होते, मोठ्या कारखान्यांना कामगारांसाठी अधिकारी नेमावे लागत होते आणि त्या अधिकाऱ्यांच्या खुर्चीत एखादी बाईही बसू शकते, असं तिचे प्राध्यापक वर्गात उघडपणे म्हणत असत. दिवाळीनंतर प्रत्येक विद्यार्थ्याला कुठल्या ना कुठल्या कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला पाठवणार होते. फ्लॉसीनं परळच्या मोठ्या गिरणीची स्वप्नं पाहिली होती. तिथल्या लेबर ऑफिसात म्हणे टंकलेखकच चार होते. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला आला प्रभात कंदील कारखाना, माणिकपूर, वसई.

“घरापासून चालत जाण्याएवढा!” ती आईला जवळजवळ रडत म्हणाली.

“देव पावला,” रोझलीन म्हणाली. “दुपारचं जेवण तरी घरचं मिळेल.”

प्रभात कारखाना तसा लहान नव्हता. पत्र्याचे कंदील, काचा, वाती, सगळं तिथंच तयार व्हायचं आणि खोक्यांत भरून रेल्वेनं पार गुजरात-खानदेशापर्यंत जायचं. पत्रा कापायला नि सांध्यांना डाख द्यायला पुरुष होते, काचा पुसून पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरायला बायका. या सगळ्यांचा लेबर ऑफिसर होता फर्डिनंड डाबरे.

पहिल्या दिवशी फ्लॉसी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, हातात पर्स घेऊन गेली. डाबरेसाहेबांना पाहून तिचा उरलासुरला उत्साहही मावळला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्यावरून गॅलिसचे पट्टे लावलेली पँट घातलेला एक गृहस्थ टेबलावर साली पसरून सावकाश केळी खात बसला होता. लढाईच्या काळात त्यानं मुंबईच्या गोदीत माणसं भरायचं काम केलं होतं. त्याआधी आणि त्यानंतरही तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. कारखान्यातल्या निम्म्या कामगारांच्या लग्नात त्यानं वाजवलं होतं, त्यामुळे कुणाचं घर कुठं, सासुरवाडी कुठली आणि कुणाचा भाऊ जेवायच्या पंगतीतून रुसून उठला होता, हे त्याला तोंडपाठ असे.

“मी आज काय शिकायचं, सर?” फ्लॉसीनं विचारलं.

“आज? आज बाहेरच्या बाकावर बस.”

“कुठल्या बाकावर?”

“नोकरी मागायला येतात ती माणसं बसतात ना, त्या. तू शिकायला आलीस हे कुणाला सांगू नकोस. नुसती बस.”

ती बसली. दोन्ही बाजूंना माणसं होती. उन्हाची तिरीप पायावरून गुडघ्यावर चढली. दार उघडलं की सगळ्यांची मान एकदम तिकडे वळे आणि शिपायानं दुसरंच नाव पुकारलं की एकदम खाली जाई. शेजारचा धर्मा नावाचा मिठागरातला माणूस तिला म्हणाला, “बाय, तू तर शिकलेली दिसतेस. तुला पन असा वेळ लावतात?” पुढं कुणीतरी तिला ओळखलंही. “ऑगस्टीनची मुलगी ना तू? काय गं, बाग विकली की काय?” फ्लॉसीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी डाबरेंनी तिला आत बोलावलं. “कसं वाटलं?”

खरं सांगावं की पुस्तकातलं सांगावं, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. “वाईट,” ती म्हणाली. “मला नोकरी नकोच होती, तरी प्रत्येक वेळी वाटायचं, आता मला बोलावतील. नाही बोलावलं की अपमान झाल्यासारखं वाटायचं.”

डाबरेंनी केळं सोलून तिच्या पुढं केलं. “खा. उद्यापासून आत बसायचं.”

आत बसून ती खूप काही शिकली. रजेचे अर्ज कसे वाचायचे, नवीन माणसाला पहिल्या दिवशी कुणाशेजारी उभं करायचं, मुकादम आपल्याच गावची माणसं पुढं रेटत असेल तर त्याचा मान न घालवता त्याला कसं थांबवायचं. डाबरे शिकवत काहीच नसत. ते नुसते तिला बरोबर घेऊन फिरत आणि मधूनच विचारत, “तो माणूस बोलताना दाराकडे का बघत होता?” उत्तर नाही आलं तर पुढं चालू लागत. फ्लॉसी घरी येऊन जेवताना त्याच प्रश्नाचा विचार करत बसे आणि रोझलीन म्हणे, “कालवण निवलं बघ तुझं.”

नाताळ झाला आणि कारखान्याचे मॅनेजर कोठारीसाहेब एका सकाळी डाबरेंच्या खोलीत आले. उंच, टापटीप माणूस. घाईत नसले तर सज्जन.

“डाबरे, ते पाळणाघर. कायद्यानं बांधा म्हटलं, बांधलं. पाळणे आणले, नर्स ठेवली. आज किती महिने झाले, एक मूल नाही! बायकांनाच नको असेल तर मी सरकारला तसं कळवतो आणि खोलीत खोकी ठेवतो. मला जागा कमी पडते आहे.”

“एक महिना द्या, साहेब,” डाबरे म्हणाले. “ही आमची फ्लॉसी बघेल.”

फ्लॉसी चमकली. ‘बघेल’ म्हणजे काय, हे साहेब निघून गेल्यावर तिनं विचारलं.

“बायका मुलं का आणत नाहीत ते शोध,” डाबरे म्हणाले. “तुझ्या पद्धतीनं.”

फ्लॉसीची पद्धत संस्थेत शिकलेली होती. तिनं प्रश्न तयार केले, ते सोप्या मराठीत उतरवले आणि काचा पुसणाऱ्या प्रत्येक बाईला गाठून विचारले. पाळणाघर आवडतं का? हो, छान आहे. नर्सबाई कशा आहेत? चांगल्या आहेत. काही अडचण आहे का? छे, काही नाही. पाळणाघराची खोली तर सुरेखच होती. भिंतींना फिकट निळा रंग, खिडक्यांना पडदे, ओळीनं मांडलेले पाळणे. दोन दिवस ती बायकांची स्तुती टिपून घेत राहिली.

“सगळ्या खूश आहेत,” तिनं डाबरेंना सांगितलं. “आणि एकही मूल आणत नाही.”

डाबरे इतके हसले की त्यांचं पोट टेबलाला लागून दौत हलली. “तू साहेबांच्या खोलीतून आलीस, हातात कागद घेऊन. त्या तुला काय सांगणार, पोरी? उद्यापासून साडी जुनी नेस आणि त्यांच्यात काम कर. विचारू नकोस काही.”

दुसऱ्या दिवसापासून फ्लॉसी काचा गुंडाळायला बसली. कालपर्यंत साहेबीण म्हणून फिरणारी मुलगी आता पेंढ्यात मांडी घालून बसते, हे पाहून बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसू लागल्या. पेंढ्यानं तिची बोटं कापली, दोन काचा फुटल्या. शेजारी बसणाऱ्या शकूनं तिला काच कशी धरायची ते दाखवलं. “लोनी धरतो ना, तशी धर. दाबू नको.” शकू पाचूबंदरची कोळीण होती. तिचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा आणि सासू मासळी विकायची. पण जाळं नि होडी दिराकडे गेल्यापासून घरात चणचण होती, म्हणून ती कारखान्यात आली होती. दुसऱ्या बाजूला गिरीजची मार्था बसे, लाल लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेली आणि कामाला हात लागला की गाणं गुणगुणणारी. दोघींची मुलं तान्ही होती आणि दोघींनी ती घरी ठेवली होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी, दुपारची शिट्टी व्हायच्या जरा आधी, शकू उठली आणि खोक्यांच्या ढिगामागं गेली. बराच वेळ आली नाही. फ्लॉसी बघायला गेली, तर शकू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची चोळी पुढून ओली झाली होती आणि ती दूध पिळून जमिनीवर टाकत होती. फ्लॉसीची चाहूल लागताच तिनं पदर ओढला.

“दुखतं गं,” ती म्हणाली. “पोराची याद आली की आपोआप येतं. घरी तो गायीचं दूध पितो नि इकडं मी मातीत टाकतो.”

फ्लॉसीनं एक खोकं बाजूला सारलं. ती शेजारी बसली. पलीकडे, अंगण ओलांडून, निळ्या भिंतींचं पाळणाघर दिसत होतं. विचारायचं नाही असं डाबरेंनी सांगितलं होतं, पण तिला राहवलं नाही.

“शकू, ते समोर आहे ना. आणत का नाहीस त्याला?”

शकूनं चोळी सावरली. मग मार्थाही तिथं आली आणि शकूनं तिच्याकडे पाहिलं. मार्था आधी हसली, हसता हसता तिचे डोळे भरले आणि मग सगळं बाहेर आलं.

पाळणाघर उघडलं त्या दिवशी सगळ्याजणी मुलांना घेऊन आल्या होत्या. नर्सबाईनं मुलं दारातच घेतली आणि आयांना कामावर पाठवलं. आत तिनं प्रत्येक मुलाला औषधी साबणानं खसखसा आंघोळ घातली. डोळ्यांतलं काजळ पुसलं, गालावरचा तीट पुसला, कमरेचे काळे दोरे कात्रीनं कापून फेकले. कॅथलिक मुलांच्या गळ्यातली मारियेची पदकंसुद्धा काढून एका ताटलीत ठेवली. मग सगळ्यांना कंपनीची सारखी पांढरी झबली. दुपारी आया दूध पाजायला आल्या तर पाळण्यांत सारखी दिसणारी मुलं ओळीनं पडलेली.

“आम्हाला आमचीच पोरं ओळखता आली नाहीत!” मार्था म्हणाली. “मी घाईत उचलला तो हिचा पोरगा. त्यानं दोन घोट प्यायले तेव्हा ही आली धावत. आणि माझी तिकडं रडून निळी झालेली.”

“त्याचा दोरा आमच्या आईनं एकवीरेला जाऊन आनलेला,” शकू म्हणाली. “दृष्ट लागली त्याला. तीन दिवस ताप होता.”

“मग ऑफिसात का नाही सांगितलंत?”

“कोनाला सांगायचं? ती बाई साहेबांनी आनली. साहेबाला तिचं वाईट सांगितलं तर आमालाच काढतील ना.”

फ्लॉसी तरातरा डाबरेंच्या खोलीत गेली. रागानं तिचे कान लाल झाले होते. आयांचा एवढा अपमान, मुलांची अशी अदलाबदल! नर्सबाईंना ताबडतोब काढायला हवं, दुसरी बाई ठेवायला हवी, असं तिनं एका दमात सांगितलं.

डाबरेंनी सगळं ऐकून घेतलं. “तू त्या नर्सशी, क्लेमेंटीनबाईंशी बोललीस?”

“त्यांच्याशी काय बोलायचं? सगळ्या बायका सांगतायत ना!”

“हं.” डाबरेंनी चष्मा पुसला. “एखाद्याला कामावरून काढायचं असं मनात आलं ना, की आधी त्याच्याबरोबर एक कप चहा प्यायचा. मी गोदीत असताना हे केलं नाही. जा, माझ्या नावानं कँटीनमधून दोन कप घेऊन जा.”

फ्लॉसी नाखुशीनं चहा घेऊन पाळणाघरात गेली. मिस क्लेमेंटीन एकटीच होती. पन्नाशीच्या घरातली, सडपातळ, पांढऱ्या शुभ्र गणवेशातली बाई. ती झबल्यांना इस्त्री करत होती. एकदाही न वापरलेली झबली धुऊन, वाळवून, इस्त्री करून ती एकावर एक रचत होती. पाळण्यांतल्या चादरी ताणून बसवलेल्या, कुठं सुरकुती नाही.

“रोज करता हे?” फ्लॉसीनं विचारलं.

“रोज. कोणत्याही दिवशी मुलं येतील. आली तर तयार असायला हवं.”

चहा झाला तरी फ्लॉसीला विषय काढता येईना. मग क्लेमेंटीनच बोलू लागली. बहुधा कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी बसून बोललंच नव्हतं. फाळणीनंतर निर्वासितांच्या एका छावणीत ती होती. लहान मुलांचा तंबू तिच्याकडे. हगवण सुरू झाली आणि सकाळी जी मुलं बोटं चोखत होती ती दुपारी नव्हती. “धागे, ताईत, मळकी फडकी, सगळ्यांत तो आजार बसलेला असायचा. मी हातानं काढायची, धुवायची, तरी ती जायचीच. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा माझ्या हातात मूल आलं तर घाणीमुळे ते जाणार नाही.” ती थांबली. “इथल्या आयांना मी आवडत नाही का? मी त्यांना कधी कडू शब्द बोलले नाही.”

मघाचा राग कुठं गेला ते फ्लॉसीला कळलं नाही. तिनं कप खाली ठेवला आणि त्या दुपारची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. आयांना मुलं ओळखता आली नाहीत इथपर्यंत आली, तेव्हा क्लेमेंटीनच्या हातातली इस्त्री तशीच थांबली. झबल्याला जळका वास येऊ लागला तेव्हा फ्लॉसीनंच ती उचलून बाजूला ठेवली.

“त्या दिवशी आयांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं त्या आनंदानं रडतायत,” क्लेमेंटीन हळूच म्हणाली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. फ्लॉसीनं क्लेमेंटीनला बायकांबरोबर जेवायला बोलावलं, ती आली नाही. “मी त्यांच्यासमोर काय बोलू?” बायकांना फ्लॉसीनं छावणीची गोष्ट सांगितली. त्या ऐकून हळहळल्या, पण मूल आणायला कुणी तयार होईना. मार्था म्हणाली, “बिचारी आहे गं. पण बिचारी म्हणून पोर द्यायचं?” कोठारीसाहेबांनी दिलेला महिना सरत आला. खोकी ठेवायला माणसं मोजमाप घेऊन गेली. फ्लॉसी डाबरेंना म्हणाली, “मला हे जमत नाही. मी पुस्तकं वाचून पास होईन, पण हे काम मला येणार नाही.”

“मलाही पहिली दहा वर्षं असंच वाटायचं,” डाबरे म्हणाले. “चल, बैलगाड्या आल्यात, पेंढा उतरवून घेऊ.”

आणि मग शकूची सासू अर्नाळ्याला गेली. तिच्या भाचीचं लग्न होतं, हळदीपासून वरात परतेपर्यंत तिथंच राहणार होती. पोराला बघायला घरी कुणी नव्हतं. रजा मागावी तर शकूची रजा संपलेली. सकाळच्या शिट्टीला ती आली नाही, आणि फ्लॉसी तिची वाट बघत फाटकाशी उभी असताना, शकू उशिरानं आली. कडेवर मूल होतं. जाडजूड, काळसर, डोळ्यांत भरून काजळ घातलेला तिचा रघू. ती फ्लॉसीकडे न बघता तडक पाळणाघराकडे निघाली. काचा पुसणाऱ्या सगळ्या बायकांनी हातातलं काम थांबवलं.

क्लेमेंटीन दारात आली.

“ह्याला ठेवायला आनलाय,” शकू म्हणाली. “पन माझं ऐकायचं आधी.”

“बोला.”

“दोरा काढायचा नाय.”

क्लेमेंटीननं मुलाच्या कमरेकडे पाहिलं. दोरा नवा होता, पण घामानं तेलकट झाला होता. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते फ्लॉसीला लांबूनही दिसत होतं.

“तो मळतो,” क्लेमेंटीन म्हणाली. “त्यात जंतू राहतात.”

“मग धू. पन काढू नको.”

“उकळत्या पाण्यात घालावा लागेल. त्याकरता काढावा तर लागेलच.”

शकूनं विचार केला. “माझ्यासमोर काढ, माझ्यासमोर उकळ नि माझ्यासमोर बांध.”

“बरं. काजळ?”

“काजल ऱ्हायाला पायजे.”

“डोळ्यांत नको. डोळे येतात. दुसरीकडे कुठं लावा.”

“तळव्याला लावतो.”

“तळव्याला चालेल.” क्लेमेंटीनचा आवाज जरासा सैल झाला. “झबलं मात्र माझं.”

“नाय! झबल्यात पोर ओळखत नाय.” शकूनं खांद्यावरचं फडकं काढून तिच्या हातात दिलं. तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता तो. “ह्यात गुंडाळ. हे पन उकळ, किती पायजे तितकं उकळ. पन ह्याच्यातच ठेव.”

क्लेमेंटीननं फडकं हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मग दोन्ही हात पुढं केले. रघू तिच्याकडे गेला आणि त्यानं पहिल्याच झटक्यात तिच्या टोपीची पिन ओढून काढली. अंगणात कुणीतरी फसकन हसलं. क्लेमेंटीनही हसली, आणि ती हसते हे कारखान्यात पहिल्यांदाच कुणी पाहिलं.

दुपारी शकू खोक्यांमागं गेली नाही. फ्लॉसी कामाचं निमित्त करून पाळणाघरावरून गेली, तेव्हा शकू खाली पाय पसरून बसली होती, हिरव्या फडक्यात गुंडाळलेला रघू पीत होता आणि क्लेमेंटीन शेजारी उभी राहून तिला एका पेल्यात पाणी देत होती. “प्या. पाजताना तहान लागते.” शकूनं पेला घेतला आणि एका घोटात रिकामा केला. फ्लॉसी खिडकीपासून मागं फिरली. तिला रडू येत होतं, आणि वर्गात कुणी तिला सांगितलं नव्हतं की या कामात असंही होतं.

तिसऱ्या दिवशी मार्था आपल्या मुलीला घेऊन आली, लाल लुगड्याच्या तुकड्यात. पुढच्या आठवड्यात निळं फडकं आलं, पिवळं आलं, एक जुन्या चादरीचं आलं. क्लेमेंटीननं बाहेर चूल मांडून मोठं पातेलं चढवलं. दोरे, पदकं, फडकी, सगळं उकळून निघे आणि ज्याचं त्याला परत मिळे. मारियेची पदकं इतकी चकचकीत झाली की मार्था म्हणाली, “बाप्तिस्म्यालासुद्धा एवढी चमकत नव्हती.” अडचणी होत्याच. एका आईनं चोरून अफूचं बोंड उगाळून बाळाला चाटवलं, तेव्हा क्लेमेंटीननं असा काही आरडाओरडा केला की पत्रा कापणारे पुरुषसुद्धा बाहेर आले. पण त्या बाईनं दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा आणलं आणि तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं की आता पाळणाघर टिकणार.

कोठारीसाहेब बघायला आले, तेव्हा पाळण्यांमध्ये रंगीबेरंगी गाठोडी आणि आरडाओरडा. “हे काय, युनिफॉर्म नाही?” त्यांनी विचारलं. डाबरेंनी फ्लॉसीकडे पाहिलं. “तूच सांग,” ते म्हणाले.

“साहेब,” फ्लॉसी म्हणाली, “आयांना दुपारी मूल ओळखायला लागतं.”

साहेबांनी क्षणभर विचार केला. “हो,” ते म्हणाले, “ते बरोबर आहे.” आणि ते खोक्यांसाठी दुसरी जागा शोधायला निघून गेले.

मार्चअखेर फ्लॉसीचं कारखान्यातलं शिक्षण संपलं. डाबरेंनी कोठारीसाहेबांपाशी शब्द टाकला. परीक्षा झाली की या मुलीला आपल्याकडे मदतनीस म्हणून घ्या. साहेब आधी म्हणाले, पुरुष कामगार बाईचं ऐकणार नाहीत. डाबरे म्हणाले, “माझं तरी कुठं ऐकतात?” साहेबांना हसू आलं, पण त्यांनी लगेच होकार दिला नाही. होकार पुढं जूनमध्ये आला, तोही अर्ध्या वर्षापुरता. तो पुढं वाढत गेला. फर्डिनंड डाबरे निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीत फ्लॉसी बसली आणि तिथून ती कारखाना बंद होईपर्यंत उठली नाही. मधल्या काळात तिनं किती माणसं लावली, किती भांडणं मिटवली, किती जणांबरोबर चहा प्यायला, हे सांगत बसलं तर वेगळीच गोष्ट होईल. डाबरे निवृत्तीनंतरही अधूनमधून येत, केळी आणत आणि कुणाच्या घरी लग्न ठरलंय ते आधी विचारत.

पण त्या एप्रिलमधली एक संध्याकाळ सांगायलाच हवी. रघूचा पहिला वाढदिवस होता. शकूनं मार्थाला, फ्लॉसीला आणि क्लेमेंटीनला पाचूबंदरला जेवायला बोलावलं. क्लेमेंटीन येईल असं फ्लॉसीला वाटलं नव्हतं. ती आली. गणवेश नव्हता, फुलाफुलांचा फ्रॉक होता, आणि तो अंगावर कसा दिसतो याची तिला चिंता वाटत होती. वाळत घातलेल्या बोंबिलांच्या दांड्यांखालून वाकून जाताना तिनं नाकाला रुमाल लावला आणि मग कुणी पाहिलं नाही ना, म्हणून पटकन काढला.

शकूच्या सासूनं दारातच तिला अडवलं. मोठी धिप्पाड बाई, नाकात नथ, कासोटा घातलेलं लुगडं. “हीच का ती, दोरा कापनारी?”

 क्लेमेंटीन मागं सरली नाही. “हो,” ती म्हणाली. “मीच.”

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग रघूला उचललं आणि तिच्या हातात दिलं. “धर. आमचे हात मासळीचे हायेत. ह्याला केक का काय म्हनतात तो कापायचा हाय, तो तूच कापून दे.”

बेकरीतून आणलेला छोटा केक चटईवर ठेवला होता. क्लेमेंटीन रघूला मांडीवर घेऊन बसली आणि तिनं त्याचा हात आपल्या हातात धरून सुरी चालवली. रघूनं केकात दुसरा हात खुपसला आणि तो तसाच तिच्या फ्रॉकला पुसला. मार्था किंचाळली, शकू फडकं शोधायला धावली.

“राहू दे,” क्लेमेंटीन म्हणाली. “धुता येईल.”

मग ताटं आली. भात, पापलेटाचं कालवण, तळलेली कोळंबी. क्लेमेंटीन काट्यानं न खाता बोटांनी खात होती आणि म्हातारी तिच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत होती. बाहेर ओहोटी लागली होती आणि होड्या चिखलात कलल्या होत्या. फ्लॉसी भिंतीला टेकून बसली होती. घरी जाऊन वडिलांना हे सगळं कसं सांगावं, याचा ती विचार करत होती, कारण उद्या सकाळी वाडीत कुणीतरी त्यांना पुन्हा विचारणार होतं, आणि त्यांना ते सांगता यावं असं तिला वाटत होतं. तेवढ्यात म्हातारी कालवणाचं भांडं घेऊन तिच्यापुढं आली आणि म्हणाली, “तू का थांबलीस गं? जेव.”